अळीचं नाव विचारण्याआधी तिचे पाय मोजा

ओळखीपाळखीचे लोक मला किड्यांचे फोटो पाठवतात. ‘ही कुठली अळी?’ एवढाच मजकूर, आणि फोटोत तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर हिरवं काहीतरी वळवळत असतं. फोटो वरून काढलेला, पाय दिसत नाहीत. कुठल्या झाडावर सापडली ते पाठवणाऱ्याला आठवत नाही. केवढी होती? ‘बोटाएवढी.’ कुठलं बोट, ते विचारायचं नसतं. अशा फोटोवरून नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पूर्वी मी बिनधास्त सांगायचो. त्यातली किती नावं साफ चुकीची होती, ते पुढे स्वतः अळ्या वाढवायला लागल्यावर कळलं.

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. लिंबाच्या झाडावरची लाइम बटरफ्लायची अळी घ्या. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती वाटतील. बहुतेक अळ्या कोषात जाण्याआधी चार-पाच वेळा कात टाकतात आणि कातीगणिक रंग, पट्टे, कधीकधी केससुद्धा बदलतात. कण्हेरीवरची मोठी हिरवी हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी तर कोष करायची वेळ आली की एका दिवसात तपकिरी पडते. म्हणून माझा क्रम असा: आधी पाय, मग झाड, मग केस-काटे आणि बसण्या-चालण्याची तऱ्हा. रंग सगळ्यात शेवटी.

आणखी एक आकडा डोक्यात असू द्या. नाव मिळालेले कीटक जगात सुमारे 10 लाख जातींचे आहेत. त्यात फुलपाखरं आणि पतंग मिळून दीड लाखाच्या वर जाती, आणि त्यातली फुलपाखरं जेमतेम 18 हजार. म्हणजे रानात दिसलेली अळी पतंगाची असण्याची शक्यता फार जास्त. ‘कुठलं फुलपाखरू होणार?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘पतंग होणार’ असंच निघतं, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू नये. पतंगांत एकाहून एक देखणे नमुने आहेत.

हात लावायच्या आधी

अळी दिसली की पहिली गोष्ट म्हणजे तिला झाडावरून उचलायचं नाही. दोन कारणं आहेत. झाड हा ओळखीचा अर्धा पुरावा असतो आणि उचलल्याबरोबर तो हरवतो. दुसरं कारण जास्त साधं आहे: काही अळ्या चावत नाहीत, पण भाजतात.

सुरवंटाचे केस खाजवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा धोका बिनकेसाच्या वाटणाऱ्या अळ्यांचा. स्लग कॅटरपिलर म्हणून एक कुळ आहे. अळी आखूड, चपटी, पोपटी, अंगावर निळ्या-पिवळ्या नक्षीची, एखाद्या दागिन्यासारखी. तिच्या अंगावरच्या मांसल गाठींवर बारीक काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या मुळाशी विष. पान खुडताना बोट लागलं तर विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. उलट काही फुलपाखरांच्या अळ्यांवर फांद्या फुटलेले काळेकभिन्न काटे असतात, दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. दिसण्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून नियम सरसकट करायचा: ओळख पटेपर्यंत उघड्या हाताने शिवायचं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या लोनोमिया नावाच्या पतंगाच्या अळीच्या काट्यांनी रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते आणि माणसं दगावली आहेत. तिच्यावर ब्राझीलमध्ये प्रतिविष तयार करतात.

केस टोचलेच तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबायची आणि ओढायची, तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी नवा तुकडा. मग साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी. तो हात डोळ्याला लागू द्यायचा नाही. डोळ्यात केस गेला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा रक्त यायला लागलं तर घरगुती उपाय सोडून थेट डॉक्टर.

आता फोटो. फोन पुरतो, महागडा कॅमेरा लागत नाही. सुरुवात अळीपासून न करता झाडापासून करा: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल-फळ असेल तर तेही. मग अळी. वरून एक फोटो सगळेच काढतात, तो असू द्या. पण सगळ्यात कामाचा फोटो बाजूचा असतो, कॅमेरा अळीच्या पातळीवर आणून, पाय आणि पोट दिसतील असा. त्यानंतर डोकं समोरून आणि शेपटाकडचा भाग मागून. शेजारी मोजपट्टी धरता आली तर उत्तम, नाहीतर लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. तारीख, वेळ, जमिनीपासून किती उंचीवर, एकटी की घोळक्यात, पानाच्या वर की खाली, एवढं टिपून ठेवलं की झालं. खाली लेंड्या पडल्या असतील तर त्यांचाही फोटो घ्या. हसू नका. हॉकमॉथच्या मोठ्या अळीच्या लेंड्या लांबट असतात, त्यांच्यावर उभ्या खोबणी असतात, आणि एकदा पाहिल्या की वरच्या फांदीवर नेमकं काय शोधायचं ते कळतं. हिरव्या पानात हिरवी अळी दिसत नाही. लेंड्या दिसतात.

पाय मोजायचे कसे

दहा पट दाखवणारं छोटं भिंग घ्या. नसेल तर बाजूचा फोटो मोठा करून पाहा. अळीच्या डोक्यामागे लगेच तीन वलयं, प्रत्येकावर एक जोडी पाय. हे बारीक, सांध्यांचे, टोकदार. हे खरे पाय, पुढे पतंगाला किंवा फुलपाखराला हेच राहतात. त्यानंतर पोटाची दहा वलयं. पहिली दोन मोकळी. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येकावर एक जोडी जाडजूड, गुबगुबीत खोटे पाय. सातवं, आठवं, नववं पुन्हा मोकळं. आणि अगदी शेवटी एक जोडी, मागून फांदी पकडणारी. एकूण तीन जोड्या खऱ्या, पाच जोड्या खोट्या. खोट्या पायाच्या तळाला बारीक आकड्यांची रांग असते. अळी पानावरून ओढून काढताना जी चिवट पकड जाणवते ती या आकड्यांची, म्हणून ओढायचं नसतं, पान कापायचं असतं.

हा हिशोब जुळला की ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. जुळला नाही की खरी गंमत सुरू होते.

खोट्या पायांच्या जोड्या पाचापेक्षा जास्त, म्हणजे सहा, सात किंवा आठ निघाल्या तर ती अळी पतंगाची नव्हेच. ती सॉफ्लायची. सॉफ्लाय गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, आणि तिची अळी हुबेहूब फुलपाखराच्या अळीसारखी दिसते. खूण अशी की खऱ्या पायांनंतर तिच्यात एकच वलय मोकळं असतं, लगेच खोटे पाय सुरू होतात आणि त्यांना आकडे नसतात. डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक ठळक काळा डोळा असतो. पतंगाच्या अळीला बहुधा बाजूला सहा-सहा बारीक ठिपक्यांचे डोळे असतात, ते भिंगाशिवाय धड दिसत नाहीत.

हा फरक मी मार खाऊन शिकलो. कुंडीतल्या मुळ्याच्या पानांवर काळपट अळ्या पडल्या होत्या. अळीच ती, म्हणून मी बीटी नावाचं जिवाणूजन्य औषध फवारलं. काही झालं नाही. पुन्हा फवारलं. अळ्या मजेत, पानांची चाळण. शेवटी एक अळी काडीने हलवली तर ती गोल वळून टपकन खाली पडली. भिंगाखाली धरली आणि पाय मोजले: खोट्या पायांच्या आठ जोड्या. मोहरी-मुळ्यावरची सॉफ्लाय. ते औषध फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांच्या आतड्यावर काम करतं, सॉफ्लायला त्याचं काही सोयरसुतक नसतं. पाच मिनिटं मोजायला दिली असती तर पंधरा दिवस आणि मुळे दोन्ही वाचले असते.

जोड्या कमी निघाल्या तर? खोट्या पायांच्या दोनच जोड्या, दोन्ही मागच्या टोकाला, आणि चालताना मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो, ती जिऑमेट्रिड कुळातली. वीत टाकत मोजत चालल्यासारखी तिची चाल असते आणि धोका वाटला की अंग ताठ करून काडी होते. जोड्या तीन किंवा चार आणि चाल अर्धवट कमानीची, ती उंटअळी. इथे एक सावधगिरी: काही नॉक्टुइड पतंगांच्या अगदी बाळ अळ्यासुद्धा सुरुवातीला अशाच कमानी करत चालतात. त्यामुळे पाच मिलिमीटरच्या अळीवरून कुळ ठरवायची घाई करू नये.

खोटे पाय अजिबात नाहीत, पुढे फक्त तीन जोड्या पाय, तर भुंगेऱ्यांच्या गटातली अळी समजून पुढे चला. मातीत सापडलेली, जाड, पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली असेल तर हुमणी. कुठलेच पाय नाहीत आणि डोकंही दिसत नाही, तर माशीची अळी. पाय नाहीत पण तपकिरी डोकं स्पष्ट आहे, तर सोंडकिड्याची असू शकते. प्रत्येक वलयाला पाय असतील तर आपण कीटकांच्या बाहेरच आलो: वलयाला एक जोडी असेल तर गोम, दोन जोड्या दिसल्या तर पैसा.

मघाची स्लग कॅटरपिलर या मोजणीला दाद देत नाही. तिचे खोटे पाय चोषकांसारखे झालेले असतात, ती गोगलगायीसारखी सरकते आणि वरून एकही पाय दिसत नाही. पाय दिसत नाहीत पण सरकते आहे, अशी अळी भेटली की हात मागे घ्या.

झाड काय सांगतं

अळी खाण्याच्या बाबतीत फार हटवादी. पुष्कळ जाती एकाच कुळातल्या वनस्पती खातात, काही तर एकाच वनस्पतीवर जगतात. त्यामुळे झाड ओळखलं की हजारो नावांतून यादी दहा-वीसवर येते. रुईवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर प्लेन टायगर फुलपाखरू. कण्हेरीवर तशाच शेंड्या पण चार जोड्या, तर कॉमन क्रो. कण्हेरीवर किंवा तगरीवर बोटभर जाड, हिरवी, डोक्यामागे निळसर-पांढरे दोन मोठे ‘डोळे’ असलेली, तर मघाचीच ऑलिएंडर हॉकमॉथ. एरंडावर उंटअळी आहे की काटेरी अळी आहे एवढं पाहिलं तरी दोन वेगळी कुळं सुटी होतात.

लिंबावरच्या हिरव्या अळीची खातरजमा मजेशीर आहे. गवताच्या काडीने तिच्या मानेला हलकेच स्पर्श करा. पुढचा भाग फुगतो, खरं डोकं खाली दडतं, आणि मानेमागच्या फटीतून दोन टोकांचा नारिंगी-लाल मऊ काटा झर्रकन बाहेर येतो. सापाच्या जिभेसारखा, ओलसर, चकचकीत. त्याच क्षणी उग्र आंबट वास येतो. दोन-तीन सेकंदांत सगळं पुन्हा आत, जणू काही झालंच नाही. हा काटा फक्त स्वॅलोटेल कुळातल्या अळ्यांकडे असतो, म्हणजे एका स्पर्शात कुळ पक्कं. पुन्हा पुन्हा छेडू नका, तिचा त्यात जीव खर्च होतो.

पण झाडही फसवतं. जमिनीवरून किंवा भिंतीवरून तुरुतुरु निघालेली अळी बहुधा खाणं संपवून कोषासाठी जागा शोधत असते. वाटेत जे झाड लागेल त्यावर ती टेकते, त्याचा तिच्या खाण्याशी संबंध नसतो. म्हणून जवळ ताजं कुरतडलेलं पान आहे का ते पाहा. पानाची कडा ओली-हिरवी असेल आणि अळीचं तोंड तिथेच असेल तर पुरावा भक्कम. पानं शाबूत असतील तर वहीत ‘झाडावर सापडली’ असं लिहा, ‘झाड खाते’ असं लिहू नका.

झाडाचं नाव माहीत नसेल तर आधी ते शोधा. त्याचं शास्त्रीय नाव मिळालं की त्यावर कोणत्या अळ्या वाढतात याच्या याद्या सापडतात. मराठी नावांवर शोधत बसलात तर एका नावाच्या चार वनस्पती निघतील.

केस, काटे, शिंग, घर

मागच्या टोकाला वर वळलेलं एकच शिंग दिसलं तर हॉकमॉथ. अपवाद म्हणून लक्षात ठेवा, रेशीमकिड्याच्या अळीलाही छोटंसं शिंग असतं. पाठीवर दात घासायच्या ब्रशसारखे केसांचे चार-पाच सारखे कापलेले झुबके असतील तर टसॉक मॉथ. तिच्या पाठीवर मागच्या बाजूला लाल किंवा पिवळे दोन बारीक ठिपके दिसले की शंका उरत नाही. सगळ्या अंगावर दाट, सारख्या लांबीचे केस, आणि हात लावताच गोल गुंडाळी, ही टायगर मॉथच्या गटातली असण्याची शक्यता. फांद्या फुटलेले कडक काटे हे निम्फॅलिड फुलपाखरांचं लक्षण. गवतावर सापडलेली, डोक्यावर दोन शिंगं आणि मागे दुभंगलेलं शेपूट असलेली अळीही त्याच कुळातली, फक्त बिनकाट्याची शाखा.

डोकं मोठं आणि मान मात्र आवळल्यासारखी बारीक, शिवाय पान गुंडाळून आत बसलेली: स्किपर गटातलं फुलपाखरू. पान गुंडाळलेलं, पण उघडताच अळी मागच्या मागे सपासप वळवळत धाग्याला लोंबकळली तर ती छोट्या पतंगांपैकी एखादी. चपटी, गोगलगायीसारखी, डोकं आत ओढलेलं, आणि आजूबाजूला मुंग्यांची वर्दळ असेल तर ब्लू गटातलं फुलपाखरू. मुंग्या तिला खात नाहीत, तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस चाटतात आणि बदल्यात पहारा देतात. काड्यांचे तुकडे चिकटवून केलेली चालती पिशवी दिसली, तर आत बॅगवर्म आहे. उघडून बघण्याचा मोह आवरा.

गुळगुळीत, मातकट, विशेष काही नसलेली अळी सगळ्यात अवघड. ती बहुधा नॉक्टुइड आणि बहुधा जातीपर्यंत पोचणं शक्य नसतं. एखाद्या जातीवर मात्र शिक्का असतो. अमेरिकन लष्करी अळी तशी. मूळची अमेरिका खंडातली, 2016 मध्ये आफ्रिकेत आणि 2018 मध्ये भारतात आढळली. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ असतो आणि पोटाच्या आठव्या वलयावर चार काळे ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे. नुसत्या ‘वाय’वर विसंबू नका, तसा फिकट ‘वाय’ इतरही अळ्यांवर दिसतो. दोन्ही खुणा एकत्र हव्यात.

ॲपला विचारताना

आयनॅचरलिस्ट हे निसर्गातल्या नोंदींचं ॲप आणि संकेतस्थळ 2008 पासून आहे आणि माझा सगळ्यात जास्त भर त्यावर असतो, कारण तिथे यंत्राने सुचवलेल्या नावावर नंतर माणसंही मत देतात. जातीच्या पातळीवर दोन तृतीयांशांहून जास्त जण एकमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरता येईल असा दर्जा, मिळतो. अशी नोंदही चुकू शकते, पण नुसत्या यंत्राच्या उत्तरापेक्षा बरी. नोंद टाकताना एकाच अळीचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, ठिकाण आणि तारीख खरी द्या, झाडाचा फोटो जोडा. दोन वेगळ्या अळ्या एका नोंदीत घुसडू नका. हे फार जण करतात.

यंत्र आत्मविश्वासाने नाव देतं म्हणून ते लगेच उचलायचं नाही. मी तीन गोष्टी पडताळतो. ही जात या भागात सापडते का? ती हे झाड खाते का? पायांचा हिशोब जुळतो का? एकही उत्तर ‘नाही’ आलं तर मी एक पायरी वर जातो आणि फक्त कुळाचं नाव लिहितो. ‘जिऑमेट्रिड कुळातली अळी’ हे पूर्ण आणि सन्मानाचं उत्तर आहे. तज्ज्ञसुद्धा पुष्कळदा तिथेच थांबतात, कारण काही जाती पतंगाचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत.

पंख आले की काम सोपं

पूर्ण वाढ झालेल्या कीटकांना मी फार वेळ देत नाही, कारण पंख पाहिले की निम्मं काम होतं. सहा पाय आहेत ना, एवढं आधी बघा. आठ असतील तर कोळी किंवा त्याचे भाऊबंद. मुंगीसारखे दिसणारे कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून फिरतात आणि चांगल्या चांगल्यांना चकवतात.

पाठीवर दोन कडक झाकणं आणि त्यांच्या मधोमध सरळ रेघ: भुंगेरा. पंख एकमेकांवर तिरके टाकल्यामुळे पाठीवर फुलीसारखी आकृती आणि मध्ये त्रिकोण: ढेकण्या. या दोघांत लोक सर्वांत जास्त घोळ घालतात. उलटं करून तोंड बघा. भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात, ढेकण्याला पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड. पंखांची एकच जोडी असेल तर माशी, मग ती कितीही मधमाशीसारखी पिवळी-काळी दिसो. फुलापुढे हवेत स्थिर राहणारी, मोठे डोळे आणि अगदी आखूड मिशा असलेली ‘मधमाशी’ बहुतेक वेळा होव्हरफ्लाय असते. तिला नांगी नसते. गांधीलमाशीला दोन जोड्या पंख आणि बारीक कंबर. चतुर बसताना पंख आडवे पसरतो, टाचणी ते बहुधा पाठीवर मिटते. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गुंडी असते, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या.

दिव्याखाली येणारा एक सडपातळ नारिंगी-काळा किडा मात्र लक्षात ठेवा, सेंटिमीटरभर लांब, पोटाचं टोक वर उचलून पळणारा. तो पेडेरस. चावत नाही, पण अंगावर चिरडला तर दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. फुंकर मारून उडवा, चापट मारू नका.

सगळ्यात जास्त अन्याय ढालकिड्याच्या पिल्लांवर होतो. राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या आकाराची ही अळी माव्याच्या घोळक्यात फिरताना दिसते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती मावा खायला आलेली असते. काही ढालकिड्यांच्या अळ्या तर अंगावर पांढरं मेण घेऊन पिठ्या ढेकणांसारख्याच दिसतात. ओळखायची असेल तर काडीने डिवचा: पिठ्या ढेकूण जागचा जेमतेम हलतो, ढालकिड्याची अळी तुरुतुरु पळते. अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसले तर ती तिची अंडी नव्हेत. अळी अंडी घालतच नाही. त्या परजीवी गांधीलमाशीच्या कोशेट्या आहेत, आतून अळीला खाऊन बाहेर आलेल्या.

नाव मिळालं नाही तर वाढवा

सगळे प्रयत्न संपले की खात्रीचा एकच मार्ग उरतो: अळी वाढवायची आणि काय बाहेर येतं ते बघायचं. आधी तुमच्याकडचे वन्यजीव आणि उद्यानांचे नियम बघा. संरक्षित जागेतून काहीही उचलायचं नाही, आणि भाजणारी अळी घरात आणायची नाही.

मोठी बरणी, तोंडाला मलमल, तळाला कागद. ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची ताजी पानं रोज, शक्यतो कोवळी आणि जून दोन्ही. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवलीत तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. माझ्या दोन अशाच गेल्या. लेंड्या रोज झटका, नाहीतर बुरशी येते. बरणी उन्हात नको. अळीने एक-दोन दिवस खाणं थांबवलं, एकाच जागी बसली आणि डोक्यामागे फुगल्यासारखी दिसली तर ती कात टाकते आहे. त्या वेळी पान बदलायलाही हात लावू नका.

मग एक दिवस ती सैरभैर फिरायला लागते, पातळ लेंडी टाकते, रंग बदलते. कोषाची वेळ आली. आता तळाला सात-आठ सेंटिमीटर किंचित ओलसर माती घाला, कारण बरेच पतंग मातीत शिरतात. उभ्या काड्याही ठेवा. कोष कसा लागतो हीसुद्धा ओळख आहे. स्वॅलोटेल आणि पिअरिड फुलपाखरांचा कोष कमरेला रेशमी धागा बांधून टेकलेला असतो, निम्फॅलिड फुलपाखरांचा उलटा लटकतो. फोटो घ्या, आणि जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवा.

कोषातून बाहेर येणारा जीव सुरुवातीला चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो. त्याला काडीवर चढून पंख लोंबवायला उभी जागा हवीच, नाहीतर पंख वाकडेच वाळतात. लालसर पाणी पडलं तर घाबरू नका, ते रक्त नसतं. पंख पूर्ण सुकले की सापडला त्याच जागी सोडा, फुलपाखरू सकाळी, पतंग तिन्हीसांजेला.

आणि कधीकधी फुलपाखराऐवजी डझनभर चिमुकल्या गांधीलमाश्या किंवा एखादी केसाळ माशी बरणीत भिरभिरताना दिसते. मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी बरणी रागाने रिकामी करून टाकली. आज तसं करणार नाही. कोणत्या अळीतून कोणता परजीवी निघाला ही नोंद फुलपाखराच्या नोंदीपेक्षा दुर्मीळ असते. फोटो काढून तीही नोंदवा.

कोष महिनोन्‌महिने तसाच राहिला तरी फेकायची घाई नको. काही जाती प्रतिकूल हंगाम कोषातच काढतात. तळहातावर अलगद घ्या: जिवंत कोष वजनदार लागतो आणि हाताच्या उबेने बऱ्याचदा शेपटाकडून किंचित वळतो. हलका, कडक आणि हलवल्यावर आत खुळखुळणारा कोष मेलेला.